बोटी कशाने थांबल्या, आणि बेटांवरची माणसं कशासाठी अडकली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कौशल्याच्या व्हिसावर, सगळी कागदपत्रं देऊन, दोन वर्षं रांगेत थांबून ऑस्ट्रेलियात आलात. बोटीने आलेल्या आश्रयार्थींना नाउरू (प्रशांत महासागरातला छोटा देश) आणि मानुस (पापुआ न्यू गिनीचं बेट) या बेटांवर नेऊन ठेवलं म्हणून बोटी बंद झाल्या आणि बुडून मरणारे जीव वाचले, हे तुम्हाला पटतं. मग या स्थानबद्धतेवरून इतकी वर्षं गदारोळ का? आणि २०२३ मध्ये हायकोर्टाने (ऑस्ट्रेलियात हायकोर्ट हेच सर्वोच्च न्यायालय) गुन्हेगारांनासुद्धा बाहेर सोडलं, त्याचं समर्थन कसं करायचं?

मी इथे स्थलांतर कायद्याची वकिली करते. डिटेन्शन सेंटरमधले अशील हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, तेव्हा माझं मत कुठे झुकतं हे तुम्ही ओळखलं असेलच. पण तुमचा पहिला मुद्दा मी उडवून लावणार नाही. १५ डिसेंबर २०१० ला इंडोनेशियाजवळच्या, पण ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या ख्रिसमस बेटाच्या कड्यावर एक बोट आदळून फुटली. बेटावरचे रहिवासी वरून लाइफ जॅकेट फेकत होते आणि खाली त्यांच्या डोळ्यांदेखत माणसं बुडत होती. जवळपास पन्नास जण गेले, त्यांत लहान मुलं होती. २००८ ते २०१३ या काळात या मार्गावर हजाराहून जास्त माणसं मेली. हा विषय निघाला की स्थानबद्धतेला विरोध करणारे काही जण घाईने पुढे सरकतात, आणि ते मला पटत नाही. बोटी थांबाव्यात असं म्हणणारा प्रत्येक जण निर्दय नसतो.

पण बोटी थांबल्या कशाने? इथे तारखा नीट पाहाव्या लागतात. पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांच्या सरकारने ऑगस्ट २०१२ मध्ये नाउरूचा पर्याय पुन्हा आणला आणि वर्ष संपायच्या आत मानुसही सुरू झालं. नुसतं बेटावर डांबल्याने लोक यायचे थांबणार असते, तर २०१३ चा पूर्वार्ध शांत जायला हवा होता. झालं उलटंच. त्या वर्षी वीस हजारांहून जास्त माणसं बोटीने आली, आणि त्यातली बहुतेक पहिल्या सात-आठ महिन्यांतच. १९ जुलै २०१३ ला तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांनी जाहीर केलं की यापुढे बोटीने येणाऱ्या कोणालाही ऑस्ट्रेलियात कधीही स्थायिक होता येणार नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत आकडा उतरू लागला, हे मान्य करायलाच हवं. सप्टेंबरात टोनी ॲबट सत्तेवर आले, ‘ऑपरेशन सॉव्हरिन बॉर्डर्स’ सुरू झालं आणि डिसेंबरपासून बोटी भर समुद्रात अडवून इंडोनेशियाच्या दिशेने परत लावायला सुरुवात झाली. काही वेळा तर लोकांना नारिंगी रंगाच्या बंद लाइफबोटींत बसवून तिकडे सोडून दिलं. २०१४ मध्ये येणाऱ्या बोटी जवळजवळ शून्यावर आल्या. (भर समुद्रात माणसाचं म्हणणं धड न ऐकता त्याला परत लावणं कायद्यात कितपत बसतं, यावर माझे आक्षेप आहेत. पण तो वेगळा विषय आहे.)

आता यातला महत्त्वाचा भाग. २०१४ नंतर जवळजवळ नऊ वर्षं एकाही नव्या माणसाला या बेटांवर पाठवलं गेलं नाही, आणि तरीही बोटी परत सुरू झाल्या नाहीत, कारण त्या समुद्रातच अडवल्या जात होत्या. मात्र जे आधीच तिथे होते ते तिथेच राहिले. कोणी पाच वर्षं, कोणी सहा, आणि शेवटचे काही २०२३ पर्यंत. त्यातल्या बहुतेकांचे अर्ज तपासून ते खरे निर्वासित असल्याचं ठरलं होतं, म्हणजे परत पाठवलं तर जिवाला धोका आहे हे अधिकृतपणे मान्य झालं होतं. तरी त्यांना का ठेवलं, याला दोन्ही मोठ्या पक्षांचं उत्तर एकच होतं: इंडोनेशियात बसलेल्या पुढच्या माणसाला संदेश जावा. माझा सगळा आक्षेप या उत्तराला आहे. एका माणसाने काही गुन्हा केलेला नाही हे माहीत असताना, दुसऱ्याला धाक बसावा म्हणून त्याचं आयुष्य अडकवून ठेवायचं, याला सीमेचं रक्षण म्हणता येत नाही.

हा संदेशही किती खरा होता याची परीक्षा एकदा झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये विरोधी पक्ष आणि अपक्षांनी मिळून, सरकारचा विरोध मोडून, ‘मेडिव्हॅक’ कायदा मंजूर केला. दोन डॉक्टरांनी शिफारस केली तर बेटावरच्या रुग्णाला उपचारासाठी ऑस्ट्रेलियात आणायचं, अशी ती तरतूद. सुरक्षेच्या किंवा गंभीर गुन्ह्याच्या कारणावरून नकार देण्याचा अधिकार मंत्र्यांकडे होताच. सरकारने सांगितलं की आता बोटींची रांग लागेल, आणि त्या भाकिताच्या जोरावर ख्रिसमस बेटावरचं बंद पडलेलं केंद्र पुन्हा उघडलं. जवळपास दोनशे रुग्ण या कायद्याखाली आले आणि बोटींची रांग काही लागली नाही. डिसेंबरात कायदा रद्द झाला. डॉक्टरांचा शब्द मानल्याने सीमा ढासळते, हे त्या दहा महिन्यांत कुठेच दिसलं नाही.

डॉक्टरांचा शब्द इतका महत्त्वाचा का, हे हमीद खझाई यांच्या प्रकरणावरून कळतं. त्याची न्यायालयीन चौकशी झालेली असल्यामुळे सगळं नोंदीवर आहे. चोवीस वर्षांचा हा इराणी तरुण. ऑगस्ट २०१४ मध्ये मानुसवर त्याच्या पायावरच्या एका छोट्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. ताप चढला. तिथल्या दवाखान्यात जी प्रतिजैविकं होती ती त्या जंतूंवर चालली नाहीत. डॉक्टरांनी त्याला तातडीने बेटाबाहेर हलवायची विनंती केली, संध्याकाळच्या विमानात जागा होती. ती विनंती ऑस्ट्रेलियातल्या खात्याच्या टेबलावर गेली आणि तिथून उलटा प्रश्न आला की मानुसवरच उपचार का होऊ शकत नाहीत? उत्तरं-प्रत्युत्तरं होईपर्यंत विमान गेलं. दुसऱ्या दिवशी त्याला पापुआ न्यू गिनीच्या राजधानीत, पोर्ट मोर्सबीला नेलं, तोवर विष रक्तात पसरलं होतं. पुढे ब्रिस्बेनला आणलं आणि ५ सप्टेंबरला तो गेला. क्वीन्सलँडचे कोरोनर (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारे न्यायिक अधिकारी) टेरी रायन यांनी २०१८ मध्ये निष्कर्ष दिला की हा मृत्यू टाळता आला असता. कोणी त्याला मारायला निघालं नव्हतं. फाइलवर सही करणाऱ्याला रुग्ण दिसत नव्हता आणि ज्याला दिसत होता त्याला सहीचा अधिकार नव्हता. मी इतक्या वर्षांत जी नुकसानं पाहिली त्यांतली बहुतेक याच साच्याची आहेत, फक्त बाकीच्यांत माणूस जिवंत राहिला.

२०१४ च्याच फेब्रुवारीत मानुसच्या केंद्रातल्या दंगलीत रेझा बराती या तेवीस वर्षांच्या मुलाला मारून टाकलं होतं. ज्या दोघांना पुढे शिक्षा झाली ते त्याच केंद्रात नोकरीला होते.

आता कायदा. इथे बोटीने आलेल्यांची सक्तीची स्थानबद्धता १९९२ मध्ये पॉल कीटिंग यांच्या लेबर सरकारने आणली, विरोधकांच्या पाठिंब्याने. म्हणजे हे एका पक्षाचं पाप नाही. सुरुवातीला तिला २७३ दिवसांची मर्यादा होती, ती १९९४ मध्ये गेली. त्याच १९९२ मध्ये हायकोर्टाने एक रेघ आखली: परदेशी माणसाला सरकार कोर्टाशिवाय अडकवू शकतं, पण फक्त त्याचा अर्ज तपासण्यासाठी किंवा त्याला परत पाठवण्यासाठी लागेल तेवढंच. त्यापलीकडे गेलं की ती शिक्षा होते आणि शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. २००४ मध्ये अल-कातेब खटल्यात ही रेघ पुसली गेली. कुवेतमध्ये जन्मलेला हा पॅलेस्टिनी माणूस कोणत्याच देशाचा नागरिक नव्हता, कोणी त्याला घ्यायला तयार नव्हतं, आणि तो स्वतः परत जायला तयार होता. चार विरुद्ध तीन अशा बहुमताने कोर्ट म्हणालं की त्याला पाठवता येईपर्यंत ठेवता येईल, मग ते आयुष्यभर का असेना. बहुमतातल्याच एका न्यायमूर्तींनी त्याची अवस्था शोकात्म असल्याचं निकालपत्रात लिहिलं आणि तरीही निकाल विरोधात दिला. ही स्थिती पुढे एकोणीस वर्षं टिकली.

मुदत नसणं म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. माझा एक अशील आधी तुरुंगात होता, नंतर डिटेन्शनमध्ये. त्याला तुरुंग बरा वाटायचा, कारण तिथे सुटकेची तारीख माहीत होती, त्याप्रमाणे शिकता येत होतं, काम करता येत होतं. इथे दर भेटीत तो एकच विचारायचा, “काही तारीख कळली का?” आणि मला दर वेळी नाही म्हणावं लागायचं. भेटीला जायचं तर कित्येक दिवस आधी ऑनलाइन अर्ज करायचा, ओळखपत्रं द्यायची. दारात फोन आणि पिशवी कपाटात ठेवायची, हातावर आणि कपड्यांवर अमली पदार्थांची चाचणी करून घ्यायची. घरचं अन्न न्यायला बंदी असते, कारखान्यातून सीलबंद आलेलंच चालतं. बेटांवर कित्येकांना नावाने नाही तर बोटीच्या इंग्रजी अक्षरांनी आणि आकड्यांनी हाक मारायचे. वर्षानुवर्षं हे चाललं की माणूस आधी चिडतो, मग अर्ज करायचं सोडतो, मग जेवणाला यायचं. २०२२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्याच केंद्रांमधला सरासरी मुक्काम ६०० दिवसांच्या वर गेला होता.

मुलांविषयी मी फार लिहीत नाही, कारण त्यावर आता फारसा वाद उरलेला नाही. जुलै २०१३ मध्ये जवळपास दोन हजार मुलं स्थानबद्ध होती. मानवाधिकार आयोगाने २०१४ मध्ये चौकशी केली तेव्हा तपासलेल्या मुलांपैकी ३४ टक्क्यांना गंभीर मानसिक त्रास आढळला. बाहेरच्या मुलांत हे प्रमाण २ टक्क्यांहून कमी आहे. २०१८ मध्ये नाउरूवर मुलं खाणं-पिणं-बोलणं सोडून नुसती पडून राहू लागली, तेव्हा एकेका मुलासाठी वकिलांना फेडरल कोर्टात जावं लागलं. शेवटची मुलं फेब्रुवारी २०१९ मध्ये बेटावरून निघाली.

तुम्ही ‘रांगे’चा उल्लेख केलात, आणि आपल्या लोकांना हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो. तुम्ही ज्या रांगेत होतात ती कौशल्याच्या व्हिसाची, आणि बोटीने आलेल्या कोणीही त्यातली तुमची जागा घेतलेली नाही. निर्वासितांसाठी वेगळा कोटा असतो. त्यात रांग असल्याचा भास होतो याला एक कारण आहे: १९९६ मध्ये सरकारने नियम केला की इथे येऊन आश्रय मिळवणाऱ्या प्रत्येकामागे परदेशातल्या छावणीतून आणायच्या एका निर्वासिताची जागा कमी करायची. म्हणजे एकाची जागा दुसऱ्याने खाल्ली असं दिसलं, ते त्या नियमामुळे. आणि छावण्यांमधली रांग म्हणाल तर जगातल्या निर्वासितांपैकी एक टक्क्यालाही दर वर्षी तिसऱ्या देशात कायमची जागा मिळत नाही. काबूलमधल्या हझारा (अफगाणिस्तानातला छळ सोसणारा अल्पसंख्य समाज) माणसाने नेमकं कुठल्या खिडकीसमोर उभं राहायचं होतं?

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांत कोणी बोलत नाही. ऑस्ट्रेलियात आश्रय मागणारे सर्वांत जास्त लोक आता विमानाने येतात, पर्यटक किंवा विद्यार्थी म्हणून, आणि उतरल्यावर अर्ज करतात. अशा अर्जदारांत भारतीय नागरिक वरच्या क्रमांकांवर असतात. त्यांचे अर्ज मंजूर होण्याचं प्रमाण बोटीने आलेल्यांपेक्षा खूपच कमी आहे. पण ते बहुतेक सगळे ब्रिजिंग व्हिसावर (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता व्हिसा) बाहेर राहतात, काम करतात, निकालाची वाट पाहतात. त्यांनी बाहेरच राहावं असंच माझं मत आहे. मग बोटीने आलेला, ज्याची बाजू खरी ठरण्याची शक्यता जास्त, त्याला बाहेर ठेवल्याने देश धोक्यात येतो हे कसं? आणि सरकारनेच २०११ पासून बोटीने आलेल्या हजारो लोकांना ब्रिजिंग व्हिसा देऊन शहरांत राहू दिलं. त्यांच्यापैकी तात्पुरत्या व्हिसावरच्या सुमारे १९ हजार जणांना २०२३ मध्ये कायमच्या व्हिसाचा मार्ग खुला झाला. तीच माणसं, त्याच बोटींमधली. १९ जुलै २०१३ च्या आधी आलेले बहुतेक बाहेर राहिले, नंतर आलेल्यांपैकी अनेक जण बेटावर गेले.

खर्चाचं एका परिच्छेदात सांगते. २०१४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या खर्च-तपासणी आयोगाने हिशेब मांडला होता: बेटावर एका माणसामागे वर्षाला चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त, ऑस्ट्रेलियातल्या केंद्रात दोन लाख ३९ हजार, आणि ब्रिजिंग व्हिसावर बाहेर ठेवलं तर सुमारे ४० हजार. वर मानुसवरच्या १,९०५ जणांच्या दाव्यात २०१७ मध्ये सात कोटी डॉलरची तडजोड करावी लागली ती वेगळी. त्याआधी २०१६ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने मानुसची स्थानबद्धता त्यांच्या घटनेविरुद्ध असल्याचं ठरवलं होतं. आणि ‘बेट दुसऱ्या देशाचं, जबाबदारीही त्यांचीच’ हा बचाव संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळला.

गदारोळ का, याचं निम्मं उत्तर असंही आहे की लोकांना आत काय चाललंय ते कळूच दिलं गेलं नाही. नाउरूने २०१४ मध्ये पत्रकारांच्या व्हिसाची फी दोनशेवरून आठ हजार डॉलर केली, अर्ज नामंजूर झाला तरी परत न मिळणारी. २०१५ च्या बॉर्डर फोर्स कायद्याखाली तिथली माहिती बाहेर सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. डॉक्टर कोर्टात गेले तेव्हा कुठे २०१६ मध्ये वैद्यकीय कर्मचाऱ्यांना त्यातून वगळलं. माहिती अशी कोंडली की चर्चा अफवांवर आणि फुटलेल्या कागदपत्रांवर चालते, आणि मग दोन्ही बाजू फक्त ओरडतात.

आता तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न. नोव्हेंबर २०२३ मध्ये हायकोर्टाने अल-कातेबचा निकाल एकमताने फिरवला. ज्याच्या खटल्यात तो फिरला तो रोहिंग्या माणूस एका मुलावरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरलेला होता. त्याच्या गुन्ह्याबद्दल मला काहीही मऊ बोलायचं नाही. त्याने शिक्षा भोगली होती आणि त्यानंतर त्याला पाठवायला देशच नसल्यामुळे तो अडकला होता. हाच गुन्हा करून, तेवढीच शिक्षा भोगून इथला नागरिक बाहेर येतो. बाहेर येणाऱ्यापासून खरोखर धोका असेल तर न्यायाधीशासमोर पुरावा मांडून त्याला पुढे अडकवण्याची सोय नागरिकांच्या बाबतीत आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने तशीच सोय या लोकांसाठीही केली. कोर्टाने जे नाकारलं ते एवढंच, की मंत्र्याने न्यायाधीशाशिवाय हे करावं. शिवाय त्या वेळी सुटलेल्या दीडशेच्या आसपास लोकांत अनेक जण गुन्ह्यामुळे व्हिसा रद्द झालेले होते. नाउरूवर वर्षं काढलेल्यांशी त्यांची गल्लत बातम्यांनी केली आणि ती अजून निस्तरलेली नाही. सरकारने त्यांच्यावर रात्रीची संचारबंदी आणि पायातलं ट्रॅकर लादलं, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने घटनाबाह्य ठरवलं. मग २०२५ मध्ये नाउरूशी नवा करार झाला: या लोकांना तिकडे पाठवायचं, त्यासाठी सुरुवातीला ४० कोटी ८० लाख डॉलर आणि नंतर दर वर्षी सुमारे सात कोटी. पुन्हा तेच बेट.

न्यायाधीश मध्ये नसला की काय होतं, याचं एक उदाहरण तुमच्या-माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे. कॉर्नेलिया राव ही ऑस्ट्रेलियाची कायम रहिवासी. मानसिक आजारामुळे तिने आपली ओळख चुकीची सांगितली आणि २००४-०५ मध्ये जवळपास दहा महिने ती बेकायदा परदेशी म्हणून आत होती. तिला एकदाही न्यायाधीशासमोर उभं केलं असतं, तर कोणीतरी विचारलं असतं की ही आजारी बाई कोण आहे. नागरिकत्व मिळेपर्यंत आपण सगळे त्याच कायद्याखाली येतो.

म्हणून माझी मागणी सोपी आहे. ओळख, आरोग्य आणि सुरक्षेची तपासणी करण्यासाठी काही आठवडे ठेवा, त्याला माझी हरकत नाही. त्यानंतर अडकवायचं असेल तर सरकारने कोर्टात येऊन कारण सांगावं, आणि ठरावीक मुदतीने पुन्हा सांगावं. उपचार कुठे करायचे ते डॉक्टर ठरवतील. मुलं आत नकोत. यातल्या एकाही गोष्टीने समुद्रातली एक बोटही वाढत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की ऑफिसातला एक इराणी सहकारी नाउरूवर होता असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं, त्याच्याशी यावर बोलावं का? त्याने स्वतःहून काढल्याशिवाय बेटाचा विषय काढू नका, चारचौघांत तर नाहीच. त्यापेक्षा त्याच्या व्हिसाची चौकशी करा. उपचारासाठी इकडे आणलेल्या शेकडो लोकांना आजही सहा-सहा महिन्यांचे ब्रिजिंग व्हिसा मिळतात. मंत्र्यांनी खास परवानगी दिल्याशिवाय त्यांना दुसऱ्या व्हिसाचा अर्जही करता येत नाही, आणि नूतनीकरण रखडलं की कामाचा हक्क आणि मेडिकेअर (सरकारी आरोग्यसेवा) दोन्ही लटकतात. तुमच्या एचआरला हे माहीत नसतं आणि ते माणसाला कामावरून थांबवतात. तारीख जवळ आली की त्याच्या वतीने एचआरशी बोला, नूतनीकरणाचा अर्ज दिल्याची पोच जोडून ठेवा, आणि त्याला मोफत काम करणाऱ्या एखाद्या निर्वासित कायदा केंद्राची वेळ घेऊन द्या. सोबत जाणार असाल तर एक दिवस रजा टाका, कारण तिथे वेळ लागतो.